मिलाग्रीस सायबिणीचं तेल

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त. मिलाग्रीस म्हणजेच चमत्कार. आम्ही हिंदू, तरी घरातून तेलाची बाटली ठरलेली. शिरगावच्या लईराईची ती बहीण, मग आपल्याला परकी कशी, असं आई म्हणते.

धाकट्याला कावीळ झाली तेव्हा आईने सायबिणीला सांगणं केलं, तो बरा झाला. बाबांसाठीही केलं. बाबा गेले.

म्हणूनच हल्ली मोबाइलवर 'प्रार्थना करा, गोळ्या बंद करा' असं सांगणारे व्हिडिओ आले की राग येतो. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 पासून लोक जातात. बरं झाल्याचं हजारोंनी सांगितलं, पण चर्चने चमत्कार मानले ते 70च्या जरासे वर. तेही आधी डॉक्टरांनी कागद तपासल्यावर! आणि आपल्याकडे एका व्हिडिओवर इन्सुलिन सोडतात. आमच्या शेजारच्या घरात हे झालंय, म्हणून लिहितोय.

आईची श्रद्धा मला खोटी वाटत नाही. बाबा गेले त्या वर्षीही ती तेल घेऊन रांगेत उभी होती. आता काय मागितलंस, विचारलं.

"मागूक खंय गेल्लें? भेटूंक गेल्लें."