शेअरबाजाराचा बागुलबुवा ओळखा!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

निवडणूक आली की दलाल स्ट्रीटवरून हाकाटी सुरू होते. कामगाराच्या बाजूचं सरकार आलं तर बाजार बुडेल, भांडवल पळेल! ही हाकाटी जुनीच आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला तर भांडवल पळून जाईल, असा धाक शेठजींनी तेव्हाही घातला होता. आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. दलाल स्ट्रीट पळाली का? जागची हलली नाही!

आता आकडे बघा. काँग्रेस आघाडीचं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर येणार म्हणताच १७ मे २००४ ला सेन्सेक्स ५६४ अंकांनी आपटला. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. म्हणजे सरकारचा रंग बघून बाजार बिचकतो, हे खरं. पण पुढं काय झालं? डाव्यांचा पाठिंबा असतानाच साडेचार हजारांवरचा सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर चढला! जुलैत डाव्यांनी पाठिंबा काढला. मग तर बाजारानं उड्या मारायला पाहिजे होत्या. उलट ऑक्टोबरात तो नऊ हजारांच्या खाली गेला, कारण अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. ४ जून २०२४ ला भाजपचं स्वतःचं बहुमत हुकलं, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला. त्याच महिन्यात तो ७९ हजारांच्या पुढं गेला. रंगाची भीती चार दिवसांची. लांबची चाल कंपन्यांचा नफा, व्याजदर आणि जगाचा व्यापार ठरवतो.

साहेब म्हणतील, "तुमचाच पीएफ बुडेल." पीएफच्या नव्या पैशातला काही हिस्सा २०१५ पासून शेअरबाजारात जातो, हे खरं हाय. पण तो पैसा वर्षानुवर्षं तिथं राहणार. एका दिवसाच्या पडझडीला काय भ्यायचं? मालक आपला हप्ता भरतो का, ते आधी तपासा!

अन् बाजार चढला म्हणून आपल्या ताटात काय पडलं? २००५ साली, बाजार तेजीत असताना, लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना विकली गेली. तिथं घाम गाळलेला कामगार मात्र घरासाठी मोर्चे काढत राहिला. सेन्सेक्स तीस कंपन्यांचा भाव मोजतो. साच्यावरची मजुरी, पाळीचे तास, पोरांची फी त्यात कुठंच नाही.

म्हणून भावांनो, मत मागायला येईल त्याला बाजाराचं विचारू नका. किमान वेतनाचं विचारा, पीएफचं विचारा, बंद गिरणीच्या थकबाकीचं विचारा!

कामगार एकजुटीचा विजय असो!