वजीर दिल्यानंतर

वजीर मारला गेला की बुद्धिबळ नुकतेच शिकू लागलेले मूल पट आवरायला घेते. नंदुरबार असो वा शहादा, दृश्य हेच. शेजारी बसलेल्या वडिलांचाही चेहरा उतरतो. अशा बाप-लेकांनी १९०७ सालचा एक डाव एकदा तरी मांडून पाहावा.

तो वूच या कापडगिरण्यांच्या शहरात झाला. आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. पांढरी मोहरी रॉटलेवीकडे, काळी अकिबा रुबिनस्टाइनकडे. आरंभी दोघांची मांडणी जवळजवळ सारखीच होती. पुढे रॉटलेवीने वजीर एकदा बाहेर काढून पुन्हा हलवला, उंटही पुढे नेऊन मागे घेतला. तेवढ्या अवधीत रुबिनस्टाइनने दोन्ही हत्ती मोकळ्या पट्ट्यांवर आणले आणि दोन्ही उंटांची तोंडे शत्रूच्या राजाकडे वळवली. अठराव्या चालीपर्यंत त्याने दिपवणारे काहीच केले नव्हते. समीक्षक पुढच्या बलिदानांवर लुब्ध होतात. खरा डाव मात्र या शांत चालींतच जिंकला गेला.

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत असताना आभाळ भरून आले, तर मालकाने एकट्याने धावून माल वाचत नाही. गोळा करणारे, पोती धरणारे, ताडपत्री ओढणारे हात एकाच वेळी लागतात, आणि कोणी कोठे उभे राहायचे हे पाऊस येण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. काळ्या मोहऱ्यांचे तसेच झाले होते.

बाविसाव्या चालीस रॉटलेवीने प्यादे सरकवून वजिरावर हल्ला केला. रुबिनस्टाइनने वजीर हलवलाच नाही; हत्तीने घोडा मारला. वजीर गेला. पुढच्याच चालीस त्याने दुसरा हत्तीही पांढऱ्या वजिरापुढे ठेवला. तोही गेला. मग उंटाने उंट मारून कर्णरेषेवरून शह दिला. पांढरा वजीर आडवा आला आणि आपल्याच राजापुढे जखडला गेला. पंचविसाव्या चालीस उरलेला काळा हत्ती कोपऱ्यातील राजासमोरच्या प्याद्यावर रोखला गेला.

आता ते प्यादे मारून मात होणार होती. हत्तीला घोड्याचा आधार होता, एका उंटाने वजीर जखडला होता, तर दुसऱ्याने राजाची पळवाट अडवली होती. चार मोहरी, प्रत्येकाकडे एकच काम. त्यांतील एखादे जरी पटावर नसते, तरी वजीर आणि हत्ती फुकट गेले असते.

रॉटलेवीने तेथेच डाव सोडला. त्याच्याकडे वजीर होता, दोन्ही हत्तीही होते. त्यांपैकी एक हत्ती अद्याप आपल्या मूळ घरात उभा होता. पंचवीस चालींत तो एकदाही हलला नव्हता.