पाटी नवी, पत्ता जुना

मुंबई-आग्रा महामार्गावर आटगावजवळ एखाद्या ढाब्याची पाटी वादळात पडली, तर मालक ती तिन्हीसांजेच्या आत उभी करतो. त्याच मालकाचे संकेतस्थळ महिनोन् महिने बंद राहिले, तरी त्याला गंधवार्ता नसते. हा निव्वळ आळस नव्हे. पाटी पडल्याचे येणारा-जाणारा सांगतो. संकेतस्थळावरून परतलेले गिऱ्हाईक मात्र निमूटपणे दुसरे दुकान शोधते. शिवाय मालकाच्या ब्राउझरमध्ये पानाची साठवलेली प्रत असू शकते, आणि ती पाहून त्याला सारे आलबेल वाटते.

व्यावसायिक संकेतस्थळांवरील नेहमीचे दोष पाहिले, तर त्यांत तंत्राचे थोडे आणि व्यवहाराचे फार असतात. ‘शहापूर’ एवढाच पत्ता दिलेला असतो. पण शहापूर बेळगावातही आहे आणि कर्नाटकच्या यादगीर जिल्ह्यातही. नकाशावरील खूण आटगावऐवजी आसनगाव स्थानकापाशी लावलेली असली, तर माहुली किंवा तानसा पाहण्यास निघालेल्या कुटुंबाची पायपीट ठरलेली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचा मजकूर कोणी पुन्हा वाचला नसेल, तर जव्हार-मोखाडा तेथे आजही ठाणे जिल्ह्यातच नांदतात. यांपैकी कोणत्याही दुरुस्तीस अभियंत्याची गरज नाही.

मराठी मजकुराची दैना आणखी वेगळी. जुन्या काळचे कित्येक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवून केलेले होते. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर त्या मजकुराचे केवळ कडबोळे दिसते आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय. काही जण दरपत्रकाचे छायाचित्रच पानावर चिकटवून मोकळे होतात. अंध ग्राहकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला त्या चित्रातले सहसा काही उमगत नाही. अर्थात ही बेफिकिरी केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतील ‘वेबएम’ संस्थेने 2024 साली दहा लाख मुख्य पाने तपासली, तेव्हा 95.9 टक्के पानांवर अपंगांची अडचण करणारे दोष निघाले. त्यांत सर्वाधिक आढळला तो पार्श्वभूमीत विरून जाणाऱ्या फिक्या अक्षरांचा.

खऱ्या तांत्रिक दोषांचे निदानही दिसते तितके अवघड नाही. ‘404’ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. पान हलवले असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून द्यावी. ‘500’ म्हणजे बिघाड सर्व्हरकडचा. तेथे जाणकाराला बोलवावे. ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ अशी सूचना येते, तेव्हा पुष्कळदा सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे मोफत प्रमाणपत्र मिळते खरे, पण ते नव्वद दिवसांचे; त्याचे आपोआप होणारे नूतनीकरण एकदा अडले, की गिऱ्हाईक उंबरठ्यावरूनच परतते.

या साऱ्यांहून गंभीर चूक पडद्यावर दिसतच नाही. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ते बनवून देणाऱ्याच्या अथवा संगणक जाणणाऱ्या भाच्याच्या नावे नोंदलेले असते. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्याकडे जातात आणि तो एव्हाना पुण्याला नोकरीस गेलेला असतो. मुदत टळून ‘डॉट कॉम’ नाव रद्द झाले, तर ते जादा शुल्क भरून सोडवण्यास तीस दिवस मिळतात. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. मग बिलांवर, टेम्पोवर आणि लग्नपत्रिकेतल्या जाहिरातीत छापलेला पत्ता गिऱ्हाइकाला परक्याच्या दारी नेतो. मुरबाडचा शेतकरी आपला सातबारा जमीन मोजणाऱ्याच्या नावे राहू देईल काय? व्यापारी मात्र नेमके तेच करतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

पहिली दुरुस्ती तेथूनच व्हावी: डोमेन मालकाच्या नावे, स्मरणपत्रे पेढीच्या पत्त्यावर. पुढचे काम पेढीतला कारकूनही करू शकेल. महिन्यातून एकदा दुसऱ्याच कोणाचा साधा मोबाइल घ्यावा, आटगावच्या फलाटावर उभे राहून आपले संकेतस्थळ परक्यासारखे उघडावे, छापलेला दूरध्वनी लावावा, चौकशीचा अर्ज भरावा आणि तो कोणाच्या टपालपेटीत जाऊन पडतो त्याचा माग काढावा. ती पेटी नोकरी सोडून गेलेल्या माणसाची निघाली, तर आतली न वाचलेली पत्रे आधी मोजून घ्यावीत.