नऊ आकड्यांचे गारूड

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे सोयाबीन आणि तुरीच्या शिवारात वसलेले गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली देशातील ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जिल्ह्याच्या काळ्या मातीवरून नव्या वेगाची वाहने धावू लागली. परंतु त्याच्या कितीतरी आधी दुसरा एक महामार्ग गावागावांत शिरला होता. तो मोबाइलच्या पडद्यावरून जातो. संगणकाची भाषा, चित्रकला, लेखन, हिशेब यांपैकी एखादी विद्या अंगी असलेला किन्हीराजाचा तरुण आपल्या ओसरीवर बसून शिकागोच्या ग्राहकाचे काम करू शकतो आणि त्याचा मोबदला डॉलरमध्ये मिळवू शकतो. दोन पिढ्यांपूर्वी हे स्वप्न वाटले असते. आज तो व्यवहार आहे.

या महामार्गावर मात्र एक विचित्र टोलनाका उभा राहिला आहे. भारत सरकारने तो उभारलेला नाही आणि अमेरिकेच्या सरकारनेही नाही. तेथे बसलेला दलाल गोड भाषेत सांगतो, ‘अमेरिकेशी धंदा करायचा? मग अमेरिकी सरकारचा व्यवसाय कर क्रमांक हवा. तो आम्ही काढून देतो. इतके डॉलर भरा.’ तरुण बिचकतो. अमेरिकी सरकार, कर, क्रमांक हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर खेड्यातला मुलगाच काय, शहरातला पदवीधरही मान तुकवतो. पैसे भरले जातात. काही दिवसांनी नऊ आकडे हाती येतात आणि आपण जगाच्या बाजारपेठेचे नागरिक झालो, या समाधानात तो झोपी जातो.

हे नऊ आकडे काय आहेत, त्यांची खरी किंमत काय आणि त्यांची गरज कोणाला आहे, याची उलटतपासणी करण्याची वेळ आता आली आहे.

फुकटाचा सौदा

या क्रमांकाला ‘ईआयएन’ म्हणतात. नावाचा अर्थ नियोक्त्याचा ओळख क्रमांक. अमेरिकेच्या ‘आयआरएस’ या महसूल खात्याकडून तो मिळतो. नाव नियोक्त्याचे असले तरी एकही नोकर नसलेल्या व्यवसायालाही तो दिला जातो. त्यासाठी ‘एसएस-४’ नावाचा अर्ज असतो. अमेरिकेत राहणाऱ्याला तो संगणकावरून भरता येतो. ज्याच्याकडे तेथील सामाजिक सुरक्षा क्रमांक किंवा वैयक्तिक कर क्रमांक नाही, अशा परदेशी माणसाला ती सोय नाही. दलालाचे सारे दुकान या एका अडचणीवर चालते.

पण याच परदेशी माणसासाठी त्या खात्याने दुसरे दरवाजे उघडे ठेवले आहेत. तो दूरध्वनीवरून अर्ज करू शकतो, फॅक्स करू शकतो, टपालानेही पाठवू शकतो. परदेशी अर्जदारांसाठी स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक आहे. तो सोमवार ते शुक्रवार चालतो आणि त्याची वेळ भारतीय घड्याळाने दुपारी साडेतीनला, हिवाळ्यात साडेचारला सुरू होते. अर्जात सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या जागी ‘परदेशी’ असे लिहिता येते. सारी माहिती नीट सांगितली तर दूरध्वनी ठेवण्यापूर्वी क्रमांक हाती येतो. फॅक्सला काही दिवस लागतात, टपालाला काही आठवडे.

आणि शुल्क? शून्य. एक पैसाही नाही. या क्रमांकासाठी कोणी पैसे मागत असेल तर सावध राहा, असे ते खाते स्वतःच सांगते. २०२५ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सरकारी रूपाचा आभास निर्माण करून या क्रमांकासाठी पैसे उकळणाऱ्यांना इशारापत्रे धाडली. म्हणजे हा टोलनाका खुद्द अमेरिकनांनाही लुबाडत होता. आपला तरुण त्यात सापडला तर नवल नाही. नवल याचे की, तहसील कचेरीबाहेर सातबाऱ्यासाठी दोनशे रुपये जादा मागणाऱ्याशी जो बाप हुज्जत घालतो, त्याचाच मुलगा फुकटच्या क्रमांकासाठी शेकडो डॉलर निमूट मोजतो. बाजार समितीतला अडत्या निदान मालाचा लिलाव तरी करून देतो. हा नवा अडत्या कशाची अडत घेतो?

ओळखपत्र खिशातच आहे

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्या तरुणाला हा क्रमांक विकला जातो, त्याला बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

किन्हीराजात बसून जो अमेरिकी ग्राहकाला सेवा देतो, त्याचे श्रम भारतात घडतात. अमेरिकेच्याच कायद्यानुसार वैयक्तिक सेवेचे उत्पन्न जेथे काम झाले तेथले मानले जाते. त्यावर अमेरिकेचा कर बसत नाही. ग्राहकाने कागद मागितलाच, तर ‘डब्ल्यू-८बीईएन’ हा फॉर्म भरून द्यायचा असतो. आपण अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नाही, अशी ती घोषणा. तिच्यात परदेशी कर क्रमांकासाठी रकाना आहे. त्या रकान्यात काय लिहायचे? आपला पॅन! ज्या दहा अक्षर-आकड्यांचे कार्ड घरच्या कपाटात धूळ खात पडले आहे, त्याला अमेरिकेचे महसूल खाते ओळख म्हणून स्वीकारते. आपल्यालाच ते पुरेसे वाटत नाही, ही शोकांतिका.

जेथे अमेरिकेचा कर खरोखर लागतो, तेथेही हीच गोष्ट. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी झाला आणि १८ डिसेंबर १९९० पासून तो अमलात आहे. त्यानुसार अमेरिकेत स्थायी आस्थापना नसलेल्या भारतीयाच्या व्यवसाय-नफ्यावर तेथे कर नाही आणि लेखनाच्या मानधनावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. किंडलवर मराठी पुस्तके प्रकाशित करण्याची सोय २०१६ च्या अखेरीस झाली. पूर्वी अशा परदेशी लेखकांना कराराची सवलत मिळवण्यासाठी अमेरिकी क्रमांकाच्या मागे धावावे लागे. आज पॅन चालतो. जुनी सांगीवांगी मात्र अजून फिरते आणि दलाल तिचेच भांडवल करतो.

यूट्यूबचे उदाहरण तर घरोघरी पटेल. २०२१ च्या मार्चमध्ये गूगलने जाहीर केले की, अमेरिकी प्रेक्षकांपासून होणाऱ्या कमाईवर जूनपासून कर कापला जाईल. त्या कंपनीने दिलेला हिशेब असा. भारतातील एखाद्याची महिन्याची कमाई १,००० डॉलर. त्यांपैकी १०० डॉलर अमेरिकी प्रेक्षकांकडून. त्याने फॉर्म भरलाच नाही, तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४० डॉलर कापले जाऊ शकतात. फॉर्म भरला पण कराराचा दावा केला नाही, तर ३० डॉलर. पॅन देऊन कराराचा दावा केला, तर १५ डॉलर. २४० आणि १५ यांतला फरक अज्ञानाची किंमत आहे. आणि या साऱ्या हिशेबात ईआयएन कोठेच नाही!

कागदी कंपनीचा फास

केवळ क्रमांक विकून दलालाचे पोट भरत नाही. तो पुढची पायरी दाखवतो. ‘डेलावेअर किंवा वायोमिंगमध्ये कंपनी काढा. घरबसल्या होते. कर शून्य.’ तरुणाला वाटते, आपण अमेरिकेत कंपनीचे मालक झालो. गावात पेढे वाटले जातात. पुढचे वाक्य त्याला कोणी सांगत नाही.

एकट्या परदेशी माणसाच्या मालकीच्या अशा ‘एलएलसी’ने, कर शून्य असला तरी, मालक व कंपनी यांच्यातील व्यवहारांची माहिती ‘५४७२’ या फॉर्मवर दरवर्षी अमेरिकेच्या महसूल खात्याला द्यावी लागते. मालकाने कंपनीत टाकलेले भांडवलही त्यात आले. ती दिली नाही तर दंड २५,००० डॉलर. रुपयांत हा आकडा वीस लाखांच्या वर जातो. २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला ५,३२८ रुपये धरून, सुमारे चारशे क्विंटल सोयाबीन! ज्या घराच्या खळ्यावर चाळीस क्विंटल उतरले तर दिवाळी होते, त्या घराच्या डोक्यावर दहा वर्षांच्या पिकाएवढी टांगती तलवार लटकवून दलाल निघून गेलेला असतो.

फास येथेच संपत नाही. भारतात राहणाऱ्याला जगभरचे उत्पन्न भारतात दाखवावे लागते. परदेशी कंपनीतील भागभांडवल आणि परदेशी बँक खाते प्राप्तिकर विवरणपत्रात नोंदवावे लागते. काळ्या पैशासंबंधीच्या २०१५ च्या कायद्याने ही नोंद न करणाऱ्यास १० लाख रुपयांचा दंड ठेवला. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली; नोंद करण्याचे कर्तव्य मात्र सुटलेले नाही. शिवाय परदेशातील गुंतवणूक २०२२ च्या नियमांनुसार अधिकृत बँकेमार्फत कळवावी लागते. प्रामाणिक घरातला मुलगा, केवळ कोणी सांगितले नाही म्हणून, काळ्या पैशाच्या कायद्याच्या कक्षेत जाऊन उभा राहतो. त्याच्यावर ही पाळी आणणाऱ्याला सल्लागार म्हणायचे की आणखी काही?

आक्षेपातील सत्य

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. ‘परदेशी ग्राहकाकडून कार्डाने पैसे स्वीकारण्याच्या सोयी भारतीयाला सहज मिळत नाहीत; म्हणून अमेरिकी कंपनी काढावी लागते.’ यात तथ्य आहे. स्ट्राइपसारख्या कंपनीने २०२४ साली भारतात नवी खाती केवळ निमंत्रणाने देण्यास सुरुवात केली. त्याच कंपनीची डेलावेअरमध्ये कंपनी काढून देण्याची सेवा २०१६ पासून आहे. ज्याला अमेरिकेत माणसे नेमायची आहेत, तेथील भांडवल उभारायचे आहे, तेथे गोदाम घ्यायचे आहे, त्याने तेथे कंपनी अवश्य काढावी, क्रमांकही घ्यावा, आणि हिशेब तज्ज्ञाकडून चोख ठेवावेत. मराठी माणसाने अमेरिकेत कंपनी काढली याचा अभिमानच वाटेल.

प्रश्न आहे तो महिन्याला दोन-चारशे डॉलर मिळवणाऱ्याचा. त्याच्यासाठी बँकेत थेट रक्कम मागवण्याचा मार्ग आहे. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत देवघेव थांबवली, परंतु परदेशातून येणारे पैसे स्वीकारण्याची सोय कायम ठेवली. निर्यात झालेल्या सेवेवर जीएसटीचा दर शून्य आहे आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्यावर नोंदणीचीही सक्ती नाही. एवढी मोकळी वाट असताना शेजाऱ्याच्या बांधावरून फेरा का घ्यावा?

स्वदेशीचा विसरलेला अर्थ

दोष एकट्या दलालाचा मानून हात झटकणे सोपे आहे. पण दलाल तेथेच वाढतो, जेथे जाणत्यांनी पाठ फिरवलेली असते. तालुक्याच्या बँक शाखेत परदेशातून आलेल्या रकमेचा दाखला मागितला, तर समोरचा कर्मचारी गोंधळून वरच्या शाखेकडे बोट दाखवतो. डब्ल्यू-८बीईएनवर मराठीत एक सरळ पान शोधावे लागते. वाणिज्य शाखेचा पदवीधर तीन वर्षे कर शिकतो आणि शेजारच्या मुलाच्या डॉलरच्या मिळकतीविषयी त्याला दोन वाक्ये सांगता येत नाहीत. या पोकळीत दलाल शिरला, तर त्याला आमंत्रण कोणी दिले?

आणि पोकळीहून खोल आहे तो न्यूनगंड. शिक्का परदेशी असला की वस्तू खरी, क्रमांक परदेशी असला की माणूस विश्वासार्ह, ही समजूत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्राने या मनोवृत्तीशी झुंज घेतली होती. लोकमान्यांच्या स्वदेशीच्या हाकेने घरोघरची चूल जागी झाली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ज्या समाजाने एकेक पैसा जोडून कारखाना उभारला, त्याच समाजाची नातवंडे फुकटच्या क्रमांकावर डॉलर उधळतात, हे चित्र बोचले पाहिजे. स्वदेशी म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, असा अर्थ तेव्हाही नव्हता. आपली वस्तू, आपली विद्या आपल्या नावाने जगात विकणे, हाही स्वदेशीचाच अर्थ आहे. आपल्या पॅनवर कमावलेला डॉलर हा त्या अर्थाने शुद्ध स्वदेशी डॉलर होय.

म्हणून काम मोठे नाही, पण ते कोणीतरी करायला हवे. प्रत्येक तालुक्यात एखादा सनदी लेखापाल, एखादा निवृत्त बँक अधिकारी, एखादा वाणिज्याचा प्राध्यापक असतोच. महिन्यातली एक संध्याकाळ त्यांनी वाचनालयात द्यावी. फॉर्म कसा भरायचा, पॅन कोठे लिहायचा, करारातील सवलत कशी मागायची, अमेरिकेत कापलेल्या कराचे समायोजन येथे कसे होते आणि क्रमांक लागलाच तर दूरध्वनी कसा करायचा, एवढे चार-पाच विषय दोन तासांत सांगून होतात. ज्याला इंग्रजी संभाषणाचा संकोच आहे, त्याच्या शेजारी बसून कोणीतरी तो दूरध्वनी लावून द्यावा. आपल्या घरातील तरुणाने एखाद्या सल्लागाराला पैसे देण्यापूर्वी पालकांनीही दोन प्रश्न विचारावेत: ‘हे मला खरोखर लागते का? आणि सरकार यासाठी किती घेते?’ या दोन प्रश्नांसमोर निम्मे दलाल उठून जातील.

जगाच्या बाजारात उतरणाऱ्याला कष्ट हवेत, कौशल्य हवे, सचोटी हवी. नऊ आकडे कधी लागतील, कधी लागणार नाहीत; लागले तर ते फुकट मिळतात. किन्हीराजाच्या ओसरीवर बसलेल्या तरुणाने एवढे जाणले, तर त्याच्या वाटेवरचा तो बेकायदा टोलनाका आपोआप ओस पडेल.