अपराजितेचे काय करायचे?

शोकांतिकेवरचे आपले प्रेम आता व्यसनाच्या पातळीला पोचले आहे. साहित्याच्या वर्गात नायक उभा राहतो तो पडण्यासाठीच. त्याच्या पतनातून मानवी अवस्थेचे दर्शन घडते, असे आपण शिकतो आणि पुढच्या पिढीला शिकवतो. ॲरिस्टॉटलने सांगितलेला नायकाचा प्रमाद सापडला की उत्तरपत्रिका निम्मी लिहून होते. नायिका असेल तर पतन आणखीच रुचते. मग जी पडलीच नाही तिचे काय करायचे? माझे म्हणणे असे की, आपण तिला खलनायिका करतो. पुरावा म्हणून एक चित्रपट आणि एक आयुष्य शेजारी शेजारी ठेवून पाहू.

क्लिंट ईस्टवुडचा 'मिलियन डॉलर बेबी' (२००४) अनेकांना आठवत असेल. एफ. एक्स. टूल या टोपणनावाने लिहिणाऱ्या जेरी बॉइडच्या कथांवर तो बेतलेला आहे. दोन फेऱ्यांमधल्या मिनिटभरात लढणाऱ्याच्या जखमेतले रक्त थांबवणे, हे बॉइडचे काम. त्याचा कथासंग्रह २००० साली, त्याच्या सत्तरीत आला. चित्रपटातली गरीब घरची मॅगी मुष्टियुद्ध शिकते, जिंकत जाते आणि विजेतेपदाच्या लढतीत, घंटा झाल्यानंतर मागून बसलेल्या ठोशाने कोसळते. मान मोडते, शरीर लुळे पडते, अखेर ती मरण मागते. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली, त्यांत मॅगी झालेल्या हिलरी स्वँकचेही एक होते.

तो ठोसा मारणारी बिली ही पूर्व बर्लिनची, पूर्वी वेश्याव्यवसाय केलेली आणि नियम धाब्यावर बसवणारी बाई, अशी तिची ओळख चित्रपट करून देतो. ही भूमिका करणारी स्त्री मात्र लुसिया राइकर आहे.

राइकरचा जन्म १९६७ सालचा, आम्सटरडॅमचा. आई डच, वडील पूर्वी डचांची वसाहत असलेल्या सुरीनामचे. लहानपणी जुदो, मग तलवारबाजी आणि पंधराच्या सुमारास किकबॉक्सिंग. या खेळात तिने जागतिक किताब मिळवले आणि स्त्रियांविरुद्धची एकही लढत ती हरली नाही. पुढे अमेरिकेत फ्रेडी रोच या नामांकित प्रशिक्षकाकडे तिने मुष्टियुद्धाचे धडे घेतले. १९९६ ते २००४ या काळात ती १७ व्यावसायिक लढती खेळली, सतराही जिंकली, त्यांपैकी १४ नॉकआउटने. कात्या बँकोव्स्कीचा 'शॅडो बॉक्सर्स' (१९९९) हा माहितीपट तिच्याभोवती उभा आहे.

या आयुष्याबद्दल लिहिणाऱ्यांना मोह कशाचा होतो? १९९४ साली ती थायलंडच्या एका पुरुष योद्ध्याशी लढली आणि नॉकआउट झाली, त्या एका संध्याकाळचा. सगळ्या विजयांनी न सांगितलेले सत्य जणू त्या पराभवाने सांगितले! पराभव म्हणजे सत्य आणि विजय म्हणजे नुसती आकडेवारी, हे समीकरण आपल्याच वर्गात तयार झालेले आहे.

वास्तविक तिच्या कारकिर्दीतले नाट्य पराभवात नाहीच. आठ वर्षांत सतराच लढती, हा आकडा पुन्हा वाचावा. अमेरिकेची ख्यातनाम मुष्टियोद्धा क्रिस्टी मार्टिन हिच्याशी तिची बहुप्रतीक्षित लढत ठरली ती ३० जुलै २००५ रोजी, लास व्हेगासला. लढतीचे नाव 'मिलियन डॉलर लेडी', म्हणजे तेही चित्रपटाकडून उसने घेतलेले. सरावात राइकरच्या टाचेवरचा, अकिलीसच्या नावाने ओळखला जाणारा स्नायुबंध तुटला आणि लढत रद्द झाली. त्यानंतर ती व्यावसायिक रिंगणात उतरली नाही. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध आले २०१२ साली, तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. ताकद आहे आणि ती लावायला जागा नाही, हे दुःख पतनाच्या साच्यात बसत नाही. म्हणून आपल्याला ते दिसतही नाही.

इथे आक्षेप येईल की, भूमिका ही भूमिका असते, आणि ती राइकरने स्वखुशीने स्वीकारली. मान्य. माझे भांडण तिच्याशी नाही, फारसे ईस्टवुडशीही नाही. ते आपल्या वाचनाशी आहे. आम्सटरडॅमची सुरीनामी-डच स्त्री पूर्व बर्लिनची होते आणि तिच्यामागचा वसाहतीचा इतिहास पुसला जातो. एरवी पानापानावर वसाहतवाद शोधणाऱ्या आपल्या सिद्धान्तप्रेमी मंडळींना हे खटकायला हवे होते. मॅगीच्या लुळ्या देहाला आपण करुणा देतो, कारण तो देह आता कुणाला धोक्याचा नाही. बिलीचा देह अजून उभा आहे, म्हणून तिला चारित्र्य नाकारायचे. 'जगातली सर्वांत धोकादायक स्त्री' हे बिरुद वृत्तपत्रांनी राइकरला कौतुकाने लावले, पण त्यातली भीती लपत नाही.

जयाचे साहित्य असूच शकत नाही, असेही कोणी म्हणू नये. पिंडारने इ. स. पूर्व ४६४ मध्ये ऱ्होड्सच्या डायगोरस या मुष्टियोद्ध्याच्या ऑलिम्पिक विजयावर स्तोत्र रचले. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आपल्याकडे आहेच. ग्रीकांकडून आपण शोकांतिका तेवढी उचलली आणि पोवाडा शाळेच्या स्नेहसंमेलनाला देऊन टाकला. जिंकणाऱ्या देहाचे श्रम, त्याची शिस्त, त्याचे एकटेपण यांबद्दल बोलायला समीक्षेकडे आज शब्द नाहीत. स्त्रीच्या देहाबद्दल तर नाहीतच.

आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये स्त्रियांची पहिली निवड २०२० च्या वर्गासाठी झाली. तीत क्रिस्टी मार्टिन होती आणि राइकरही होती. खेळाच्या जगाला अपराजितेसाठी जागा सापडली, उशिरा का होईना. आता प्रश्न आपला आहे. हा चित्रपट वर्गात दाखवल्यावर मॅगीच्या मरणावर तासभर चर्चा होते. त्या तासातली दहा मिनिटे बिलीसाठी काढा, आणि तिचे पुढे काय झाले असेल असे कुणाला विचारावेसे वाटले का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा.