पोत्यावरचा आकडा आणि स्लॅबचे बळ



सुगीचा पैसा हाती आला की घरोघरी स्लॅबचा विषय निघतो. दुकानात गेले की पहिला प्रश्न, "त्रेचाळीस देऊ की त्रेपन्न?" आकडा मोठा तेवढे घर पक्के, असे समजून आपण महागाचे पोते उचलतो. हा आकडा नेमके काय सांगतो, ते आज पाहू.

प्रयोगशाळेत एक भाग सिमेंट आणि तीन भाग ठरावीक वाळू यांचा लहान ठोकळा करतात. तो पाण्यात मुरवून २८ व्या दिवशी यंत्राखाली दाबतात. ४३ ग्रेडचा ठोकळा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४० किलो भार सोसतो, ५३ चा सुमारे ५४० किलो. म्हणजे हा आकडा सिमेंटचा झाला, तुमच्या स्लॅबचा नव्हे.

काँक्रीटची ग्रेड वेगळी. सळईच्या स्लॅबला ती किमान एम-२० असावी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो. समुद्रकाठच्या गावांत याहून वरची लागते. एम-२० चे बळ ४३ च्या सिमेंटमधूनही मिळते. त्यासाठी एका सिमेंटला दीडपट वाळू आणि तिप्पट खडी, तीही मापाच्या पेटीने घ्यावी.

मग स्लॅब कच्चा का राहतो? बहुतेक वेळा पाण्यामुळे. सिमेंटला घट्ट होण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी पुरते. थोडे जास्त घालावे लागते ते माल नीट पसरावा म्हणून. हे वरचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. म्हणून ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरच्या वर पाणी नको. १५ लिटरच्या दोन बादल्या झाल्या की हात आखडावा. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. काम हलके व्हावे म्हणून माल पातळ केला, तर ५३ साठी मोजलेले जादा पैसे त्या पाण्यातच जातात. उत्तम बियाणे आणून पिकात पाणी तुंबू द्यावे, तसलाच हा प्रकार.

५३ चे सिमेंट वाईट नव्हे. ते लवकर बळ धरते, पण तापतेही जास्त. पाणी मारायला उशीर झाला तर तडे जातात. राखमिश्रित पीपीसी सिमेंट सावकाश बळ धरते, मात्र पुढेही बराच काळ घट्ट होत राहते. घरकामाला ते चांगले. साध्या सिमेंटच्या स्लॅबला किमान ७ दिवस आणि पीपीसीला किमान १० दिवस ओल हवी. उन्हाळ्यात दोन्हींना १० च्या खाली नको. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवावे, कडांना ओले गोणपाट घालावे.

पोते घेताना त्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नका. घरी पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा. हाताने चुरडत नाहीत असे खडे झाले असतील, तर ते सिमेंट स्लॅबला वापरू नका.

आणि माल ओतायच्या दिवशी घरातले एक जाणते माणूस पाण्याच्या बादलीपाशी उभे करा. गवंडी "अजून थोडे पाणी" म्हणाला, तर त्याने नको म्हणावे.