‘जी, कप्तान’ म्हणजे प्रेम का?

यंदा आमच्या भित्तिपत्रकात एका मैत्रिणीची चाच्यांची प्रेमकथा लागली आणि दोन दिवस फलकापुढची गर्दी हटेना. खापरखेड्यात आपले पाणी म्हणजे कन्हान आणि कोलार. समुद्र आमच्यापैकी बहुतेकींनी पाहिला तो सिनेमात. तरी कथेतले गलबत असे काही डोलत होते, की मलाही क्षणभर चक्कर आली! काळ्या अंगरख्यातला कप्तान, जादूचे होकायंत्र, आणि कप्तानावर जीव ओवाळून टाकणारी, पुरुषवेषातली त्याची नायब. कप्तान म्हणतो, ‘वादळ आले तरी शीड उतरवायचे नाही.’ ती म्हणते, ‘जी, कप्तान.’ तो म्हणतो, ‘मागे राहून शत्रूला अडव.’ ती अडवते, घायाळ होते, आणि शेवटी त्याच्या मांडीवर डोके ठेवते. वर्गातल्या मुली हळहळल्या. मी मात्र लेखिकेशी भांडले.

होकायंत्र खुशाल जादूचे असो, त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या ‘जी’विषयी. साऱ्या कथेत ही नायब एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. जिला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’ला किंमत ती काय?

मैत्रीण म्हणाली, ‘इमान हा तर मराठी मातीचा गुण!’ आणि दाखला दिला कान्होजी आंग्र्यांचा. आता, एक तर कान्होजी चाचे नव्हतेच. ते मराठ्यांचे सरखेल. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, हा राज्याचा हक्क ते बजावीत होते. तो न मानणाऱ्या इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली, आणि हात हलवीत परतले. पण एका माणसाभोवती विणलेले इमान त्या माणसाबरोबरच उसवते, हेही त्याच घराण्यात दिसते. १७२९ मध्ये कान्होजी गेले, १७३३ मध्ये सेखोजी गेला, आणि संभाजी व मानाजी या भावांत फूट पडून कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे झाला. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजीचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला खुद्द पेशवे होते!

मग अस्सल चाच्यांकडे वळावे. अठराव्या शतकाच्या आरंभी अटलांटिकमधल्या कित्येक चाचेजहाजांवर कप्तान खलाशीच निवडीत. त्याचा हुकूम निर्विवाद चाले तो पाठलागात आणि लढाईत. एरवी लुटीची वाटणी, शिधा, तंटेबखेडे हे पाहणारा क्वार्टरमास्टर वेगळा, तोही खलाशांनीच निवडलेला. कप्तान शेफारू नये म्हणूनच तो असे. म्हणजे दुय्यम माणूस कप्तानाची सावली नव्हता, लगाम होता.

आणि प्रेमकथाच हवी असेल तर ती दक्षिण चीनच्या समुद्रात घडलेली आहे. झेंग यी हा चाच्यांचा सरदार १८०७ मध्ये मेला. त्याच्या विधवेने शेकडो जहाजांचा ताफा हाती घेतला आणि नवऱ्याचा मानसपुत्र व उजवा हात झांग बाओ याला बरोबरीने उभे केले. पुढे त्याच्याशीच लग्न केले. ही माणसे देवमाणसे नव्हेत. खंडणी, अपहरण, खून यांवरच त्यांचे पोट होते. पण १८१० मध्ये शरणागतीची पहिली बोलणी फिसकटली, तेव्हा ती स्वतः निःशस्त्र, बायकामुले बरोबर घेऊन कँटनच्या सुभेदारापुढे गेली आणि झांग बाओसाठी आरमारातला हुद्दा मिळवून आली. कोणी कोणाची आज्ञा पाळली, हे तेथे सांगता येत नाही. ताफा तिचा, लढाई त्याची, तह पुन्हा तिचा.

मी मैत्रिणीला एकच बदल सुचवला. वादळात नायबने कप्तानाचे न ऐकता शीड उतरवावे. ती रागावली. म्हणाली, ‘मग तो तिच्यावर भाळेल कशाला?’

पुढच्या खेपेस तिने याच प्रश्नावर कथा लिहावी. फलकापुढे पहिली मी उभी राहीन.